पत्ता, पाणी आणि पेशा

जानेवारी २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे प्रा. जॉन युडकिन. उंची आणि वजन यांच्या गणितातून निघणारा बीएमआय दोघांचाही २२.३, अगदी सारखा. पण स्कॅन करून अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. सोबतच्या चार ओळींत लेखकांनी स्वतःचीच थट्टा केली होती. युडकिन मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठण्यासाठी मारलेली धाव, असा तो मजकूर. पण शेवटाकडे एक गंभीर नोंदही होती: याज्ञिक जन्मले तेव्हा त्यांचं वजन कमी होतं.

प्रौढ माणसाच्या पोटावरच्या चरबीचा त्याच्या जन्माच्या वेळच्या वजनाशी काय संबंध? पन्नास वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणी विचारला असता तर डॉक्टरमंडळींनी त्याला हसून वाटेला लावलं असतं. आज त्याभोवती एक आख्खी ज्ञानशाखा उभी आहे. मधुमेह, हृदयविकार, दमा, काही कर्करोग यांची मुळं शोधताना संशोधक आता रुग्णाच्या आजच्या सवयींपाशी थांबत नाहीत. त्याच्या आईने गर्भारपणात काय खाल्लं, लहानपणी घरात चूल होती की गॅस, पाणी नळाचं होतं की बोअरचं, शाळा हमरस्त्याला लागून होती का, पहिली नोकरी कुठल्या कारखान्यात केली, इथवर ते मागे जातात.

याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत एक पाहणी सुरू केली. गावातल्या लग्न झालेल्या तरुण बायकांची उंची, वजन, आहार आधीच नोंदवून ठेवायचा आणि दिवस गेले की पुढचा माग घ्यायचा, अशी पद्धत ठरली. गर्भ राहण्याच्याही आधीपासून नोंदी असलेल्या अशा पाहण्या जगात आजही हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. आठशेच्या आसपास गर्भारपणं तपासली गेली. या बायकांचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होतं. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं वजन साडेतीन किलो भरत होतं.

इथपर्यंत आश्चर्य काही नाही. कमी वजनाची बाळं आपल्याला नवी नाहीत. खरी गंमत मापांत होती. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच बाळाच्या डोक्याचा, दंडाचा, पोटाचा घेर मोजला जाई आणि खांद्याच्या पात्याखालची त्वचा कॅलिपरच्या चिमट्यात धरून तिची जाडी घेतली जाई. त्वचेखाली चरबीचा थर किती, हे त्या चिमट्यातून कळतं. पुण्याच्या बाळांचे दंड बारीक, पोट लहान, स्नायू तुटपुंजे. प्रत्येक माप इंग्रज बाळांहून बरंच उणं. पाठीवरची ती चिमूट मात्र जवळजवळ त्यांच्याइतकीच जाड! आईच्या पोटात रसद कमी पडली तेव्हा शरीराने स्नायू आणि आतल्या अवयवांच्या वाढीत काटकसर केली आणि चरबी राखली. दिसायला किडकिडीत पण आतून चरबीदार, अशी ही बाळं. पुढे पोटभर अन्न मिळायला लागलं, बैठं काम आलं, की अशा शरीराला साखर पेलवत नाही.

आयांच्या आहाराच्या नोंदीही वाचण्यासारख्या आहेत. एकूण उष्मांक किंवा प्रथिनं किती पोटात गेली यावरून बाळाच्या आकाराचा अंदाज बांधता येईना. पण ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध जास्त खात-पीत त्यांची बाळं जरा मोठी निघाली. कामाच्या नोंदी पाहिल्या तर शेतातली अंगमेहनत आणि विहिरीवरून पाणी आणणं ज्यांच्या वाट्याला जास्त, त्यांची बाळं लहान. डोक्यावरचा हंडा हाही बाळाच्या वाढीतला एक घटक ठरतो, हे मला या सगळ्या पाहणीतलं सर्वांत बोलकं निरीक्षण वाटतं. ते कुठल्याही प्रयोगशाळेत बसून सुचलं नसतं.

यापैकी दोन-तृतीयांश बायकांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ते मिळतं प्राणिज पदार्थांतून आणि या घरांत दूधसुद्धा बेताचंच. त्याच वेळी लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मात्र गर्भवतींना दिल्या जात होत्या. मुलं सहा वर्षांची झाल्यावर तपासणी झाली, तेव्हा ज्यांच्या आयांमध्ये फॉलिक ॲसिड भरपूर पण ब-१२ कमी होतं, त्या मुलांच्या शरीरात इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. (हे वाचून कुणी गर्भवतीने फॉलिक ॲसिडची गोळी बंद करू नये. बाळाच्या मज्जारज्जूतली व्यंगं टाळण्यासाठी ती लागतेच. प्रश्न सोबतच्या ब-१२चा आहे.) हीच मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींच्या रक्तातली साखर सामान्य पातळीच्या वर गेलेली होती. ही बहुतेक मुलं सडपातळ होती. पिझ्झा-बर्गर आणि मोबाइल यांच्या नावाने बोटं मोडून या आकड्यांचा उलगडा होत नाही.

या विचाराची सुरुवात इंग्लंडातली. हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाई सुइणींच्या कामावर देखरेख करत. सुइणीने प्रत्येक बाळाचं वजन करायचं आणि वर्षभराने आरोग्यसेविकेने घरी भेट देऊन बाळ अंगावर पितं की बाटलीवर, वजन किती वाढलं, हे लिहून ठेवायचं, असा त्यांचा दंडक. या नोंदींची जाडजूड बाडं पुढे कित्येक दशकं पडून होती. साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर जुन्या जन्मनोंदींच्या शोधात होते. ऐंशीच्या दशकात त्यांच्या चमूला ही बाडं सापडली. त्यांनी त्यातल्या बाळांचं पुढे काय झालं, कोण कशाने गेलं, हे मृत्यूच्या दाखल्यांशी ताडून पाहिलं. १९८९ साली त्यांनी साडेपाच हजारांहून अधिक पुरुषांचा हिशेब मांडला: जन्मताना आणि पहिल्या वाढदिवसाला ज्यांचं वजन कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण जास्त. टीका भरपूर झाली. गरिबाघरचं बाळ वजनाने कमी असतं आणि गरीब माणूस पुढेही गरीबच राहतो, मग दोष पोटातल्या दिवसांचा की पुढच्या सत्तर वर्षांचा, असा रास्त प्रश्न विचारला गेला. त्याचं अर्धंमुर्धं उत्तर हॉलंडमधून आलं. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम हॉलंडची रसद तोडली आणि शहरांत श्रीमंत-गरीब सगळ्यांनाच उपासमार सोसावी लागली. त्या काही महिन्यांत जे पोटात होते त्यांच्यात पुढे हृदयविकार, लठ्ठपणा, मधुमेह आणि स्किझोफ्रेनिया जास्त दिसले. साठ वर्षांनी त्यांच्या रक्तातला डीएनए तपासला, तर वाढीशी संबंध असलेल्या एका जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांच्याच भावंडांपेक्षा वेगळ्या होत्या. जनुकाची अक्षरं तीच, पण ते जनुक किती जोरात चालवायचं याची खूण बदललेली.

मानवी जनुकांचा पूर्ण आराखडा २००३ साली हाती आला, तेव्हा आता रोगांची किल्ली सापडलीच असा सूर होता. दोनच वर्षांनी ख्रिस्तोफर वाइल्ड या ब्रिटिश रोगपरिस्थितीतज्ज्ञाने एका लेखात त्या उत्साहाला लगाम घातला. जनुकं वाचायची यंत्रं आपल्याकडे आहेत, पण माणसाच्या अंगावर, अंगात जन्मभर काय काय येऊन गेलं ते मोजायची साधनं मात्र अजून बाबा आदमच्या काळातली आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. गर्भ राहिल्यापासून मरेपर्यंत माणसाला भेटलेल्या या सगळ्याला त्यांनी 'एक्स्पोझोम' म्हटलं. हवा, पाणी, अन्न, औषधं, जंतू, किरणं, आवाज, कामाचे तास, झोप, काळजी, शेजार, उत्पन्न, सगळं त्यात आलं. वाइल्ड पुढे लियाँमधल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे संचालक झाले.

जनुकांचा वाटा नेमका किती? स्टीफन रॅपापोर्ट यांनी २०१६ मध्ये पश्चिम युरोपातल्या एकसारख्या जुळ्यांच्या पाहण्या एकत्र करून २८ जुनाट आजारांचा हिशेब काढला. जनुकांना जबाबदार धरता येईल असा भाग रक्ताच्या कर्करोगात तीन टक्क्यांच्या थोडा वर, दम्यात जवळपास निम्मा आणि सगळ्या आजारांचा मध्य धरला तर १८.५ टक्के. उरलेलं सगळं प्रदूषणाच्या माथी मारता येत नाही. त्यात निव्वळ योगायोगही आहे आणि जनुक व परिस्थिती यांचा एकमेकांत गुंतलेला भागही. तरी 'आमच्या घराण्यातच शुगर आहे' हे वाक्य आपण ज्या खात्रीने टाकतो, तेवढी खात्री या आकड्यांत नाही. घराण्यात जनुकं वाहतात तशी स्वयंपाकाची पद्धत, घराचा पत्ता आणि बापाचा धंदाही वाहतो.

या संशोधनात सगळ्यात अवघड जातो तो काळाचा हिशेब. एखादा घटक अंगात किती गेला, इतकंच कळून भागत नाही. तो कोणत्या वयात गेला हेही कळावं लागतं. पावसाचं वर्षाचं मान सरासरीइतकं भरलं, पण मृगात पेरलं आणि नंतर तीन आठवडे त्याने दडी मारली, तर त्या सरासरीचा शेतकऱ्याला काय उपयोग? शरीरातही फुप्फुसं, मेंदू, मूत्रपिंडं घडण्याचे ठरावीक आठवडे आणि वर्षं असतात. त्या काळात झालेली इजा मागाहून भरून येत नाही आणि ती दिसायला लागते तेव्हा तिचं कारण केव्हाच निघून गेलेलं असतं.

उत्तर चिलीमधलं अँटोफॅगास्टा शहर याचं जगातलं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. शहर अटाकामा वाळवंटाच्या काठावर. पाऊस जवळपास नाहीच. वस्ती वाढली तशी पाण्याची ओढाताण झाली, म्हणून १९५८ मध्ये अँडीज पर्वतातल्या नद्यांचं पाणी नळाने शहरात आणलं. त्या डोंगरातल्या खडकांत आर्सेनिक होतं. आधीच्या पाण्यात ते लिटरमागे नव्वद मायक्रोग्रॅमच्या आसपास होतं; नव्या पाण्यात साडेआठशेच्या वर गेलं. आज जागतिक आरोग्य संघटना दहाच्या वर नको म्हणते. पाणी दिसायला निवळशंख, चवीला चांगलं, आणि शहरात दुसरा स्रोत नसल्याने सगळे तेच प्यायले. काही वर्षांत लोकांच्या, विशेषतः मुलांच्या कातडीवर डाग दिसायला लागले. १९७० मध्ये शुद्धीकरण प्रकल्प उभा राहिला आणि आर्सेनिक झपाट्याने खाली आलं. म्हणजे प्रकार बारा वर्षांत संपला.

रोग मात्र तेव्हा कुठे सुरू होत होते. कॅलिफोर्नियातले ॲलन स्मिथ आणि चिलीतल्या संशोधकांनी मृत्यूच्या नोंदी चाळल्या. या भागातले फुप्फुसाच्या आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू वाढत वाढत नव्वदच्या दशकात शिखराला पोचले. प्रकल्प सुरू होऊन तेव्हा वीस वर्षं उलटली होती. त्यापुढचा आकडा जास्त अस्वस्थ करणारा आहे. त्या बारा वर्षांच्या काळात जे पोटात होते किंवा तान्हे होते, त्यांच्यापैकी ऐन तिशी-चाळिशीत श्वासनलिका कायमच्या रुंद होऊन बिघडण्याच्या आजाराने दगावणाऱ्यांचं प्रमाण उरलेल्या चिलीच्या ४६ पट होतं. चाळिशीतला असा रुग्ण खोकत दवाखान्यात येतो, तेव्हा त्याच्या घरचं पाणी तपासून काय निघणार? ते कधीच स्वच्छ झालेलं असतं. त्याला विचारायचा प्रश्न एकच: जन्म कुठला आणि कोणत्या सालचा?

शिशाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची, कारण ते शरीरात मुक्कामाला राहतं. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्म्यावर येतं, त्यामुळे रक्ततपासणीत फक्त अलीकडचं दिसतं. बाकीचं हाडांत जाऊन बसतं आणि तिथे दशकानुदशकं राहतं, कारण शरीर त्याला कॅल्शियम समजून वागवतं. बाई गर्भार राहिली की बाळाच्या हाडांसाठी तिच्या हाडांतून कॅल्शियम निघतं आणि त्याबरोबर शिसंही. म्हणजे आईने लहानपणी रस्त्याकडेला खेळताना श्वासातून घेतलेलं शिसं पंचवीस वर्षांनी तिच्या बाळापर्यंत पोचू शकतं.

मग हे जुनं शिसं मोजायचं कसं? दुधाच्या दातांत. हर्बर्ट नीडलमन या अमेरिकी डॉक्टरांनी सत्तरच्या दशकात बोस्टनजवळच्या शाळांतल्या मुलांचे पडलेले दात गोळा केले. ज्यांच्या दातांत शिसं जास्त त्यांची बुद्ध्यंक चाचणी आणि वर्गातलं लक्ष दोन्ही कमी, हे त्यांनी १९७९ मध्ये दाखवलं. ही मुलं आजारी दिसत नव्हती, त्यांना पोटदुखी नव्हती, आकडी येत नव्हती. बाईंचं सांगणं त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं, एवढंच. आता न्यूयॉर्कमध्ये मनीष अरोरा आणि त्यांचे सहकारी त्याच दुधाच्या दाताचे पातळ काप करून त्यावर लेसर फिरवतात. दात आईच्या पोटात चौथ्या महिन्याच्या आसपास घडायला लागतो आणि त्याचे थर झाडाच्या खोडातल्या वलयांप्रमाणे एकावर एक चढतात. जन्माच्या वेळी त्यात एक ठळक रेघ उमटते. रेघेच्या अलीकडे पोटातले महिने, पलीकडे जन्मानंतरचे. शिसं, मँगेनीज, जस्त यांपैकी काय कोणत्या महिन्यात शरीरात आलं हे त्या थरांवरून वाचता येतं. आपल्याकडे पडलेला दात मुलं छपरावर टाकतात.

भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून बंद झाली. त्याआधीच्या पाहणीत मुंबईतल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात शिशाची पातळी तेव्हाच्या धोक्याच्या रेषेवर होती. बंदीनंतरच्या पाहणीत असं प्रमाण एक-तृतीयांशावर आलं. इतकं मोठं सार्वजनिक यश, पण त्याचा गाजावाजा झाल्याचं मला आठवत नाही. उरलेलं एक-तृतीयांश कुठून आलं? जुने रंग, घराघरांत फोडल्या जाणाऱ्या बॅटऱ्या, सुरमा, हलक्या धातूची भांडी. आणि हळदसुद्धा. बांगलादेशात हळकुंडांना झळझळीत पिवळा रंग यावा म्हणून पॉलिश करताना लेड क्रोमेट चोळायची पद्धत पडली होती. जेना फोर्साइथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवती बायकांच्या रक्तातलं शिसं आणि हळदीतलं शिसं यांची जुळणी केली. मग २०१९ मध्ये तिथल्या सरकारने धाडी घातल्या, दंड केले, बाजारात पत्रकं लावली. त्या वर्षी बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही. गृहिणींना 'चांगली हळद ओळखा' असं शिकवत बसले असते, तर हे दोन वर्षांत झालं असतं का? रंगावरून तर वाईट हळदच चांगली दिसत होती.

आता धूर. विदर्भात पऱ्हाट्या आणि तुराट्या, दुसरीकडे गोवऱ्या किंवा बाभळीची लाकडं. फुंकणी हातात घेऊन बसलेल्या बाईचं तोंड जाळापासून हातभर अंतरावर. धुरापायी तिचे डोळे चुरचुरतात, हे सगळ्यांना दिसत होतं. फुप्फुसांचं काय होतं हे मोजायला कुणी गेलं नव्हतं. अमेरिकेचे कर्क स्मिथ १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उपकरणं घेऊन गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाकघरात शिरले, तेव्हा ते काम सुरू झालं. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'द लॅन्सेट'मध्येच मांडलं की सीओपीडी हा श्वास कोंडवणारा आजार फक्त बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा नाही. कधी झुरका न घेतलेल्यांनाही तो मोठ्या प्रमाणावर होतो आणि त्यामागे चुलीचा धूर हे एक मोठं कारण आहे. गॅसचा सिलिंडर आज बहुतेक घरांत आहे, तो संपला की चूल पुन्हा पेटते हेही आहे. आणि ज्या पन्नाशीतल्या बाईकडे आता गॅस आहे, तिची लहानपणापासूनची वर्षं चुलीसमोर गेलेली आहेत. तिच्या धापेचं कारण शोधताना आजच्या ओट्याकडे पाहून उपयोग नाही.

धूर फुप्फुसात थांबतो असाही आपला समज होता. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी बाळंतिणींची वार तपासली. बाळाच्या बाजूच्या ऊतींतही काजळीचे कण निघाले, आणि हमरस्त्याजवळ राहणाऱ्या बायकांमध्ये ते जास्त होते.

हे सगळं वाचून जग म्हणजे विषाचा हौद आहे असं वाटायला नको. काही संपर्क हितकारकही असतात. अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी पंथांचे पूर्वज एकाच भागातले, आहार जवळपास सारखा, जनुकंही जवळची. आमिश अजून घोड्याने शेती करतात, गोठा घराला लागून. हटराइटांची शेती यंत्रांची, जनावरं घरापासून दूर. आमिश मुलांत दम्याचं प्रमाण ५ टक्के, हटराइट मुलांत २१ टक्के. २०१६ मधल्या या पाहणीत दोघांच्या घरांतली धूळ गोळा करून उंदरांच्या नाकात घातली, तर आमिश घरांतल्या धुळीने उंदरांना दम्यासारख्या त्रासापासून वाचवलं. गोठ्यातल्या जंतूंची लहानपणी झालेली ओळख प्रतिकारशक्तीला शहाणपण शिकवते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आता मोजणीची साधनं सुधारताहेत. ओरेगनमधल्या किम अँडरसन यांनी साधे सिलिकॉनचे मनगटपट्टे वापरायला सुरुवात केली. माणूस दिवसभर वावरतो तेव्हा हवेतली, कातडीवरची शेकडो रसायनं त्या पट्ट्यात मुरतात आणि मग प्रयोगशाळेत काढून ओळखता येतात. स्टॅनफर्डचे मायकेल स्नायडर दोन वर्षं हवा शोषणारं छोटं यंत्र दंडाला बांधून फिरले. आपल्याला वसंतात होणारा त्रास पाइनच्या परागकणांचा आहे असं ते धरून चालले होते. यंत्राच्या नोंदींवरून संशय निलगिरीवर गेला. एका श्रीमंत शास्त्रज्ञाच्या शिंकांचा उलगडा व्हायला इतका खटाटोप करावा लागला, हे सांगताना मला थोडं हसू येतं. पण देवनारच्या कचराभूमीशेजारी राहणाऱ्या मुलाच्या दंडाला असं यंत्र बांधायचं कुणाच्या मनात येईल, तेव्हा या शास्त्राचं खरं काम सुरू होईल.

शास्त्राच्या मर्यादाही आहेत. शेकडो रसायनं आणि डझनभर आजार समोरासमोर ठेवले की काही जोड्या निव्वळ योगायोगाने जुळतात. युरोपातल्या सहा देशांतल्या मुलांवरच्या 'हेलिक्स' प्रकल्पाला याच अडचणीशी झगडावं लागलं. शिवाय हे घटक एकेकटे येत नाहीत. जिथे हवा वाईट तिथेच घर दाटीचं, पाणी अनियमित, काम रात्रपाळीचं आणि झोप अपुरी. त्यातलं एक वेगळं काढून त्याच्यावर बोट ठेवणं जिकिरीचं असतं. बाजारात 'डिटॉक्स'च्या बाटल्या विकणारे नेमके या धूसर जागेत दुकान मांडतात. हाडातलं शिसं लिंबू-मधाच्या पाण्याने निघत नाही.

माझा कौल विचाराल तर या सगळ्या संशोधनाचं माप वैयक्तिक खबरदारीच्या पदरात फार टाकू नये. अँटोफॅगास्टाचं पाणी, मुंबईच्या मुलांचं रक्त, बांगलादेशची हळद, तिन्ही ठिकाणी फरक पडला तो प्रकल्प, कायदा आणि धाडी यांनी. घराघरातल्या सावधगिरीने तो पडला नसता. महापालिकेच्या अर्थसंकल्पात पाणी आणि कचरा या नावाखाली जी रक्कम दिसते, ती खरं तर पुढच्या तीस वर्षांच्या कर्करोग आणि हृदयविकाराच्या खर्चाची तरतूद असते. तिच्याकडे त्या नजरेने पाहणारा नगरसेवक विरळा.

एक गोष्ट मात्र आपल्या हातात आहे आणि ती फुकट आहे. इटलीतल्या मोदेना इथे शिकवणाऱ्या बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. वैद्याने रुग्णाला विचारायच्या प्रश्नांच्या जुन्या यादीत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली: तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षांनंतरही आपल्या दवाखान्यांतल्या केसपेपरवर नाव, वय, वजन, बीपी येतं आणि पेशाचा रकाना असला तरी त्यात 'गृहिणी' किंवा 'नोकरी' एवढंच लिहिलं जातं. कुठली नोकरी, किती वर्षं, भट्टीजवळ की टेबलावर, हे कोणी विचारत नाही. डॉक्टरांकडे वेळ नसतो, रांग मोठी असते, ते समजण्यासारखं आहे.

तेव्हा मुलांची माता-बाल संरक्षण कार्डं जपून ठेवा. त्यावर जन्मवजन लिहिलेलं असतं. आणि पुढच्या वेळी जुनाट दुखणं घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा चार वाक्यांची तयारी करून जा: लहानपण कुठल्या गावात गेलं, पाणी कुठलं प्यायलो, घरात स्वयंपाक कशावर व्हायचा आणि आजवर कुठकुठली कामं केली. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.